हेडलाइट घासायचं किट: साडेसहाशे रुपयांत काय येतं आणि काय वेगळं आणावं लागतं

माझी नोकरी पंढरपूरच्या दवाखान्यात, घर मोहोळला. सेकंड शिफ्ट संपवून निघेपर्यंत रात्रीचे साडेनऊ होतात. गाळप हंगाम सुरू झाला की या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या लागतात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन जोडलेल्या, मागे टेललाइट नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला. ती ट्रॉली आपल्याच गाडीच्या उजेडात दिसली तर दिसते. आणि माझ्या 2012 च्या हॅचबॅकच्या हेडलाइटच्या काचा पार पिवळ्या पडलेल्या.

सगळ्यांचा पहिला सल्ला एकच, जास्त वॅटचे बल्ब टाका. माझं मत याच्या ठाम विरुद्ध आहे. माझ्या गाडीतल्यासारखा एच4 हॅलोजन बल्ब 60/55 वॅटचा असतो, म्हणजे अप्परला 60 आणि डिपला 55. त्याजागी 100/90 बसवला की आतली उष्णता वाढते, वायरिंगवर ताण येतो, आणि धुरकट काचेतून तो उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी चहूकडे विखुरतो. आपल्याला काही जास्त दिसत नाही, समोरच्याचे डोळे मात्र दिपतात. दुखणं काचेचं असेल तर औषधही काचेलाच हवं.

आपण काच म्हणतो ते खरं तर पॉलिकार्बोनेट, म्हणजे प्लास्टिक. दगड लागला तरी फुटत नाही, पण उन्हातली अतिनील किरणं त्याला सोसत नाहीत. म्हणून कंपनीतूनच वर एक पारदर्शक कडक थर देतात. उघड्यावर लावलेल्या गाडीचा हा थर काही वर्षांत पिवळा पडतो, मग त्याचे पापुद्रे निघतात. आमच्या सोलापुरी उन्हात याला फार वेळ लागत नाही.

किट मी ऑनलाइन मागवलं, साडेसहाशेला. ब्रँड सांगत नाही, कारण तोच डबा वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. आत 1000, 2000 आणि 3000 नंबरचे घासायचे पेपर (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक), कंपाउंडची, म्हणजे पॉलिशच्या पेस्टची छोटी ट्यूब, मास्किंग टेप, आणि कापडाने पुसून लावायच्या यूव्ही कोटिंगची इवलीशी बाटली. नवे दिवे घ्यायचे तर जोडीला सात हजारांच्या वर सांगितले होते.

पैसे खर्च करण्याआधी काचेवर पाणी ओतून बघा. ओली असताना काच स्वच्छ दिसली तर खराबी बाहेरच्या बाजूला आहे आणि घासून फरक पडेल. ओली असूनही धुरकट दिसली तर आत वाफ किंवा धूळ गेलीय, किट आणून उपयोग नाही.

किटमधला सर्वांत खरखरीत पेपर 1000 चा, आणि पापुद्रे सुटलेल्या काचेला तो पुरत नाही. मी पेंटच्या दुकानात गेले. दुकानदार काका म्हणाले, “ताई, आधी 800 मारा, मग बाकीचे.” त्यांचं बरोबर होतं. बंपर आणि बॉनेटच्या कडेला टेप दुहेरी लावा, नाहीतर रंग जातो. पाण्यात शाम्पूचे दोन थेंब टाका आणि पेपर कोरडा पडू देऊ नका. सुरुवातीला जे पाणी ओघळतं ते पिवळट, दुधाळ असतं. तो जुना थर निघतोय. ओघळ पांढरा यायला लागला की थर संपला, मगच पुढचा नंबर. 800 आडवा मारला तर 1000 उभा मारा, 2000 पुन्हा आडवा. म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे उरलेत का ते लगेच कळतं. या टप्प्याला काच आधीपेक्षाही वाईट, दह्यासारखी दिसते. घाबरू नका. 3000 नंतर धुकं विरळ होतं आणि कंपाउंडने आतला बल्ब स्पष्ट दिसायला लागतो. दोन्ही बाजूंना मिळून अख्खी सकाळ जाते, खांदा भरून येतो.

इथवर किटला मी चांगले गुण देईन. गोची शेवटच्या थरात आहे. घासल्यावर काच उघडी पडते, तिला उन्हापासून वाचवणारं काहीच उरत नाही. टूथपेस्टचा उपाय टिकत नाही तो याच कारणाने. मच्छर पळवायचा स्प्रे मारायचे व्हिडिओ फिरतात, तो तर प्लास्टिकलाच मऊ करतो. थिनरने तडे जातात.

मी मुद्दाम डाव्या दिव्याला किटमधली बाटली लावली आणि उजव्याला बाहेरून आणलेला 2के क्लिअर स्प्रे, म्हणजे पारदर्शक थर आणि तो कडक करणारा हार्डनर एकाच डब्यात वेगवेगळे असलेला; मारण्याआधी हार्डनर आत सोडायचा. आधी मेडिकलमधल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतलं, बोटाचा ठसासुद्धा ठेवला नाही. एक उन्हाळा गेल्यावर डाव्या दिव्याच्या वरच्या कडेला, जिथे दुपारचं ऊन थेट पडतं, पिवळी झाक आलीय. उजवा तसाच लख्ख आहे. 2के चा डबा किटपेक्षा महाग पडला, तरी माझ्या मते खरं काम त्याचंच. मात्र हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फुप्फुसांना फार वाईट. आपला सर्जिकल मास्क त्याला चालत नाही, ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. मोकळ्या जागेत मारा, दमेकऱ्याने जवळही थांबू नये.

अपेक्षा नव्या दिव्याची ठेवू नका. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संस्थेने 2018 मध्ये चाचणी केली. खराब झालेल्या दिव्यांतून डिपवर नव्याच्या जेमतेम 22 टक्के उजेड येत होता, घासून-पॉलिश करून तो सुमारे 70 टक्क्यांपर्यंत गेला. माझा अनुभव त्याला धरूनच आहे. पूर्वी डिपवर ट्रॉली अंगावर आल्यावर दिसायची, आता ब्रेक मारायला पुरेसं अंतर मिळतं. उजव्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात केसासारखे बारीक तडे आहेत, ते खोल आहेत, घासून गेले नाहीत. ज्यांच्या काचेवर असे तडे सगळीकडे असतील त्यांनी सरळ नवा दिवा घ्यावा.

2के चा डबा एकदा हार्डनर सोडला की एक-दोन दिवसांत आत घट्ट होतो, उरलेला फेकावा लागतो. एका डब्यात दोन गाड्यांचे दिवे आरामात होतात, म्हणून सोबत आणखी कुणाची गाडी घासून तयार ठेवा. डावा दिवा पुन्हा करायचा आहे, तेव्हा वॉर्डमधल्या आमच्या ब्रदरची (पुरुष नर्सची) गाडीही त्याच दिवशी उरकणार आहोत.