एसीचा कॉम्प्रेसर ‘बदलला’ म्हणून २६,६०० घेतले, बिघाड होता ३७० रुपयांचा

यूपीआयने १०,००० आणि रोख १६,६००. एकूण २६,६०० रुपये एका गॅरेजवाल्याने माझ्याकडून घेतले, गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर बदलला असं सांगून. कॉम्प्रेसर बदललाच नव्हता, आणि बदलायची गरजही नव्हती. खरा बिघाड नंतर दुसऱ्या मेकॅनिकने ३७० रुपयांत काढून दिला. २२० चा रिले (वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच), १५० मजुरी. गॅरेजचं नाव मी लिहीत नाही, कारण वकिलांनी बजावलंय की तक्रारीचा निकाल लागायच्या आधी नाव छापलं तर तोच उलट अब्रुनुकसानीचा दावा ठोकेल. पैसे माझे गेले आणि तोंडही मीच बंद ठेवायचं!

नागपुरात मे महिना काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. नवतपा तोंडावर आलेला, यवतमाळला पुतणीचं लग्न, सोबत पंचाहत्तरीच्या सासूबाई. गाडी आठ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. तक्रार एवढीच की वर्धा रोडला गाडी पळत असली की एसी मस्त गार लागायचा, सिग्नलला थांबलं की थोड्या वेळात गरम वारा. पुन्हा गाडी पळाली की पुन्हा गार. गॅरेजात पाय ठेवल्या ठेवल्या मी याच शब्दांत सांगितलं. ज्याला एसीचं काम येतं त्याला एवढ्यावरच कळायला हवं की आधी पंखा बघायचा. आणि त्याला ते येत नव्हतं असं मी मुळीच मानत नाही.

आता मला पाठ झालंय ते सांगते. गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे कंडेन्सरची जाळी असते. कॉम्प्रेसरने दाबलेला तापलेला गॅस तिथे येऊन उष्णता बाहेर टाकतो आणि द्रव होतो. गाडी पळत असली की समोरचा वारा हे काम करतो, गाडी उभी असली की फक्त पंखा. पंखा बंद पडला की उष्णता बाहेर जात नाही, हाय साइडचं, म्हणजे कॉम्प्रेसरमधून दाबून निघालेल्या गॅसच्या बाजूचं प्रेशर चढत जातं, शेवटी प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला तोडतो, म्हणजे सिस्टिम वाचावी म्हणून मुद्दाम बंद करतो. गाडी निघाली, वारा लागला, प्रेशर उतरलं की कॉम्प्रेसर परत चालू. हायवेला गार करणारा कॉम्प्रेसर सिग्नलला मेलेला कसा असेल? इंजिन तापत नव्हतं म्हणून पंख्याकडे घरातल्याही कोणाचं लक्ष गेलं नाही. माझ्या गाडीला दोन पंखे आहेत, रेडिएटरचा चालू होता, एसीचा बंद.

आता तो क्षण, ज्यामुळे अजून रात्री झोप उडते.

त्याने मला गाडी बंद करायला सांगितली. बॉनेट उघडलं, गॅसचं प्रेशर मोजणारा निळ्या-लाल नळ्यांचा गेज आणून ठेवला आणि पोराला चहा आणायला पाठवलं. “बसा मॅडम, उन्हातून आल्या तुम्ही.” चहा आला, प्यायले. मग त्याने नळ्या जोडल्या आणि मला जवळ बोलावलं. “हे पाहा. निळा लो साइडचा, लाल हाय साइडचा. दोन्ही सुया सारख्याच दाखवून राहिल्या ना? कॉम्प्रेसर प्रेशरच बनवत नाही. गेला तो. आतून जाम व्हायला आला आहे, रस्त्यात बेल्ट तुटला तर गाडीच उभी राहील.” मी वाकून पाहिलं. दोन्ही सुया खरंच सारख्या होत्या, शंभरच्या वर, एका रेषेत.

आणि गाडीची किल्ली माझ्या उजव्या हातात होती.

इंजिन बंद असताना कोणत्याही गाडीचे दोन्ही काटे थोड्या वेळाने सारखेच होतात. अगदी शोरूममधून काल आलेल्या गाडीचेसुद्धा. कॉम्प्रेसर फिरत नाही म्हटल्यावर हाय आणि लो उरतच नाही, आतला गॅस दोन्हीकडे समान होतो आणि बाहेरच्या तापमानाप्रमाणे प्रेशर दाखवतो. त्याला लागतात काही मिनिटं. तो चहा त्या काही मिनिटांसाठी होता. सगळ्यात जिव्हारी लागतं ते हे, की त्याने आकडा खोटा दाखवलाच नाही. खरा आकडा चुकीच्या वेळी दाखवला.

मी एका पतसंस्थेत व्हाउचर तपासते. पाच रुपयांचा फरक राहिला तरी दिवस बंद होऊ देत नाही, आणि माझ्याच हातात किल्ली असताना मला हे दिसलं नाही म्हणून घरी, ऑफिसात ऐकून घ्यावं लागतंय. “एवढी शिकलेली बाई!” शिकले ते कॉमर्स. गेज कधी बघायचा हे शाळेत कोणी शिकवत नाही, आणि डॉक्टरने एक्स-रे दाखवल्यावर पेशंट तरी मान डोलावण्याशिवाय काय करतो? माझ्या जागी कोणीही असतं तरी हेच झालं असतं. म्हणूनच हा डाव चालतो.

गेज बघायचाच तर इंजिन चालू, एसी फुल, ब्लोअर फुल. तेव्हा निळा काटा खाली यायला हवा, साधारण ३० ते ४५ पीएसआय (प्रेशरचं माप), आणि लाल चढायला हवा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात २०० ते २५०. लाल चढतच चालला आणि मग कॉम्प्रेसर आपोआप बंद झाला, तर पंखा किंवा कंडेन्सर बघा. दोन्ही काटे कमी असतील तर गॅस कमी. कॉम्प्रेसर फिरत असतानाही दोन्ही जवळजवळ सारखे राहिले, तरच कॉम्प्रेसरवर संशय घ्यायचा.

त्याने लिहून दिलेला हिशोब: कॉम्प्रेसर १६,५००, ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा) आणि एक्स्पान्शन वाल्व २,८००, गॅस आणि ऑइल २,६००, फ्लशिंग १,२००, मजुरी ३,५००. डायरीच्या फाडलेल्या पानावर. वर गॅरेजचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही. “पक्कं बिल पाहिजे तर टॅक्स वरून लागेल मॅडम, तुमचाच फायदा करून राहिलो.” १०,००० ॲडव्हान्स यूपीआयने, तेही त्याच्या मेव्हण्याच्या नंबरवर, बाकी रोख मागितले. रोख का मागतात ते मला आता पोलीस ठाण्यात कळलं.

गाडी दिली ती संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. रिंग रोडला स्वतः चालवून दाखवली, मोकळा रस्ता, सिग्नल कुठे लागलाच नाही. गार लागणारच होतं! जुना कॉम्प्रेसर मागितला तर कोपऱ्यातला एक काळा, तेलकट, जाम झालेला कॉम्प्रेसर पायाने पुढे सरकवला. घेऊन जाते म्हटलं तर म्हणाला, एक्स्चेंजमध्ये धरला आहे, दिला तर दोन हजार वाढतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हरायटी चौकात गाडी थांबली आणि गरम वारा सुरू. परत गेले तर म्हणतो गॅस सेट व्हायला वेळ लागतो. गॅस सेट बिट काही होत नसतो, कोणी असं म्हणालं तर तिथूनच फिरा. त्याच्यापुढे कडी म्हणजे, आता कूलिंग कॉइल लीक दिसते, डॅशबोर्ड उतरवावा लागेल, ९,५०० द्या. इथे मी उठले. ते ९,५०० वाचले ते मी वाचवले, हेही टोमणे मारणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

ऑफिसातल्या एकीच्या ओळखीने दुसऱ्या मेकॅनिककडे गेले. वयस्कर माणूस, टिनाच्या शेडखाली काम. त्याने गेज काढलाच नाही. गाडी चालू ठेवायला सांगितली, एसी लावायला सांगितला आणि जाळीच्या मागे नुसतं बघत उभा राहिला. “पंखा नाही फिरून राहिला ताई.” फ्यूज बॉक्स उघडला, हॉर्नचा रिले त्याच नंबरचा होता तो काढून पंख्याच्या जागी बसवला. पंखा घरघर करत सुरू झाला. पाच मिनिटांत उभ्या गाडीत गार वारा.

मग मी रडकुंडीला येऊन सगळी हकिगत सांगितली तेव्हा त्याने टॉर्च घेऊन कॉम्प्रेसर बघितला. चकचकीत चंदेरी. मला म्हणाला, इकडून वाका. कॉम्प्रेसर ज्या बोल्टांनी इंजिनला बसवतात त्यांच्या कडेला तेल आणि धूळ मिळून कडक झालेला मळ होता, त्याच्यावरूनच चंदेरी स्प्रे मारलेला. त्याने स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने खरवडलं तर रंगाचा पापुद्रा आणि त्याच्या मागोमाग आठ वर्षांची काळी माती सुटून आली. बोल्टाला पाना लागल्याची एक खूण नाही. जुनाच कॉम्प्रेसर, रंगवलेला. त्या पापुद्र्याचे, बोल्टांचे आणि कॉम्प्रेसरवरच्या नंबरच्या पट्टीचे फोटो मी काढून ठेवलेत. तुम्ही हे काम द्यायच्या आधी काढा. नंबरच्या पट्टीचा फोटो आधी एक आणि नंतर एक, त्याच्यासमोर.

ड्रायरही तोच होता, पाइपांचे जोड उघडलेलेच नव्हते. कॉम्प्रेसर खरंच आतून तुटला असेल तर धातूचा चुरा तेलातून सगळीकडे जातो, मग लाइन धुवावी लागते, ड्रायर बदलावाच लागतो, नाहीतर नवा कॉम्प्रेसरही जातो. म्हणून गॅरेजवाल्याच्या यादीत फ्लशिंग आणि ड्रायर होते. यादी अगदी शास्त्रशुद्ध होती. काम शून्य.

परत गॅरेजवाल्याला जाब विचारायला गेले तेव्हा त्याचं उत्तर तयार. “दुसऱ्याने हात लावला ना गाडीला? मग आमची गॅरंटी खतम.”

पोलीस ठाण्यात अर्ज घेऊन गेले. तासभर बाकावर. मग, “मॅडम, हे सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक मंचात जा.” मी म्हटलं, न बदललेल्या पार्टचे पैसे घेणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ त्याचंच आहे. तर समोरचा साहेब हसला आणि विचारलं, “बिल आहे का?” डायरीचं पान दाखवलं. “याच्यावर नाव कुठे आहे?” यूपीआयचा मेसेज दाखवला. “हे तर दुसऱ्याच्या नावावर आहे. आणि तुम्ही स्वतःच पाठवले ना?” अर्जावर पोच मागितली तर शिक्का मारायला माणूस जागेवर नाही. पोच शेवटी मी रजिस्टर पोस्टाने मिळवली. बँकेत गेले, व्यवहार तुमच्याच पिनने झालाय, आमचा संबंध नाही. एका हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, क्रमांक आला, छान वाटलं, मग ‘समोरच्या पक्षाकडून प्रतिसाद नाही’ म्हणून बंद. एका सरकारी कार्यालयात विचारलं की गॅरेजवर देखरेख कोणाची, तर दोन टेबलं फिरवून सांगितलं, आमची नाही. कामगार थोडे असले की दुकान कायद्याखाली नुसती सूचना दिली तरी भागतं. एसीचं काम येतं का, गेज कसा लावतात, हे कोणीही कधीही तपासत नाही. कुटुंब घेऊन ४५ डिग्रीत निघालेली माणसं यांच्या हातात, आणि यांच्यावर कोणाचाच हात नाही!

पोलीस ज्याला अजून मंच म्हणतात तो २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानंतर आयोग झाला आहे. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, ऑनलाइन करता येते, वकील सक्तीचा नाही. कायद्यात लिहिलंय तीन महिन्यांत निकाल, वस्तू तपासायला पाठवावी लागली तर पाच. पहिल्याच वकिलांनी सांगितलं, त्या भरवशावर राहू नका, आणि फी सांगितली १५,०००. २६,६०० साठी १५,०००. दुसऱ्या मेकॅनिककडून लेखी अहवाल हवा. तो हात जोडतो, “ताई, एकाच लाइनीतले आहोत आम्ही.” त्याच्यावर राग नाही माझा, पण मग अहवाल द्यायचा कोणी? शेवटी अधिकृत सर्व्हिस सेंटरला पैसे भरून तपासणी करून घेतली. कॉम्प्रेसर मूळचाच, असं त्यांनी जॉब कार्डावर लिहून दिलं. हे मी गॅरेज सोडल्याबरोबर करायला हवं होतं असं कोणी म्हणेल, पण तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून आता मी सांगतेय.

आणखी एक. गाडीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. सिस्टिम बंद असते. दर उन्हाळ्याला ‘गॅस भरा’ म्हणतो तो लीक शोधत नाही आणि तुमचे दोन-अडीच हजार दरवर्षी खातो. लीक कुठे ते नायट्रोजनचं प्रेशर देऊन किंवा डाय (रंग) टाकून दाखव म्हणावं. बॉनेटखाली स्टिकर असतं, त्यावर गॅसचा प्रकार आणि वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, बहुतेक लहान गाड्यांत आर-१३४ए, चार-पाचशे ग्रॅमच्या आसपास. अंदाजाने नाही, काट्यावर मोजून भरून घ्या, आणि त्याआधी व्हॅक्यूम मशीन नीट अर्धा तास चालू द्या. वारा गार आहे पण कमी येतो, तर आधी केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारी जाळी) काढून बघा, तो तुंबल्याचा बिघाड शंभर जागी कॉम्प्रेसरच्या नावाने विकला जातो.

जिल्हा आयोगात तक्रार दाखल केली आहे, वकिलाशिवाय, जॉब कार्ड, फोटो, डायरीचं पान आणि मेव्हण्याच्या नावाचा यूपीआय व्यवहार जोडून. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे एकाच प्रकारे फसलेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात. नागपुरात या उन्हाळ्यात ज्यांनी बाहेरच्या गॅरेजात कॉम्प्रेसर बदलून घेतला आहे आणि हातात डायरीचं पान आहे, त्यांनी आज बॉनेट उघडून बोल्टांच्या कडेला नखाने खरवडून बघा. रंगाखाली माती निघाली तर पुसू नका, फोटो काढा आणि मला कळवा.