गंजका पत्रा: वेल्डिंग की फायबर?

रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन तग धरतं, तळाचा पत्रा मात्र आधी जातो. घरच्या घरी दुरुस्तीच्या दोन वाटा.

फायबरची मॅट (काचतंतूंचं कापड) आणि रेझिन (सुकून कडक होणारा चिकट द्रव): स्वस्त आणि सोपं, ग्राइंडर आणि ब्रशवर भागतं. पण भर पावसात नको. ओल्या पत्र्याला रेझिन धरत नाही आणि कडेला राहिलेला गंज आतून पसरतच राहतो. डिकीच्या कोपऱ्यात, जिथे भार नाही, तिथे चालेल. सीटचे बोल्ट, सीटबेल्टचा आधार, जॅकची जागा इथे कधीच नाही.

तिथे वेल्डिंगच. स्क्रूड्रायव्हर टोचत जा, टणक लागेल तिथपर्यंत पत्रा कापा. साधं आर्क (कांडीचं) वेल्डिंग पातळ पत्र्याला सहज भोक पाडतं, म्हणून मिग (गॅसच्या आवरणात बारीक तारेने होणारं वेल्डिंग) वापरा. तेही सलग न ओढता, टाके घालत. आधी बॅटरी सोडवा, गालिचा उचला, पेट्रोलची पाइप कुठून जाते ते बघा. नंतर झिंक प्रायमर, पोकळ भागात गंज रोखणारं मेण. मिग भाड्याने आणावं लागलं तरी मी हेच करेन.

गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्म या स्पोर्ट्स कारची बॉडीच फायबरची. तिच्या चिरांना रेझिनच योग्य.