बोथम आणि फ्लिंटॉफ: आकड्यांच्या आत आणि बाहेर

इंग्लंडच्या अष्टपैलू खेळाडूंमध्ये इयान बोथम आणि अँड्र्यू फ्लिंटॉफ यांची तुलना अटळ ठरते. आकडे पाहिले, तर प्रश्न लगेच निकालात निघतो. बोथमने 102 कसोटींत 5,200 धावा, 14 शतके आणि 383 बळी मिळवले, तर फ्लिंटॉफच्या नावावर 79 कसोटींत 3,845 धावा, 5 शतके आणि 226 बळी आहेत. डावात पाच बळी घेण्याची कामगिरी बोथमने 27 वेळा केली, फ्लिंटॉफने अवघी 3 वेळा. मात्र फ्लिंटॉफचा वेगवान, उसळता मारा फलंदाजाला जखडून ठेवत असे आणि त्याचे फळ पुष्कळदा दुसऱ्या टोकाच्या गोलंदाजाला मिळे, हे धावफलकात दिसत नाही.

वानखेडे मैदानाने दोघांनाही भरात पाहिले. 1980 मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या कसोटीत बोथमने शतक ठोकून 13 बळी घेतले. 2006 मध्ये तेथेच कर्णधार फ्लिंटॉफने दोन्ही डावांत अर्धशतके केली आणि भारताला दुसऱ्या डावात 100 धावांत गुंडाळून मालिका बरोबरीत सोडवली. बोथमला मात्र कर्णधार म्हणून 12 कसोटींत एकही विजय मिळाला नाही. अर्थात, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पुढच्याच अ‍ॅशेस मालिकेत फ्लिंटॉफच्या संघानेही 0-5 अशी धूळ चाखली.

माझे मत बोथमकडे झुकते. घोटा आणि गुडघा यांनी साथ दिली असती आणि फ्लिंटॉफला 31 व्या वर्षीच कसोटीतून निवृत्त व्हावे लागले नसते, तरीही ते बहुधा बदलले नसते.