सोन्याचा कण की अभ्रकाचा?

झारखंडमध्ये सुवर्णरेखा नदीची वाळू धुऊन लोक सोन्याचे कण काढतात. पण नदीच्या वाळूत अभ्रकही चमकतं, आणि नवखा माणूस हमखास त्यालाच भुलतो.

खरा फरक वजनाचा. सोन्याची घनता पाण्याच्या सुमारे १९ पट, अभ्रकाची जेमतेम ३ पट. परात पाण्यात हलवली की अभ्रकाचे पापुद्रे गिरक्या घेत वर येतात, वाहून जातात. सोनं लोहखनिजाच्या जड काळ्या वाळूच्याही मागे, तळाला राहतं. सावलीत सोन्याचा पिवळेपणा टिकतो, अभ्रकाची चमक कोन बदलताच विझते.

माझा भरवसा मात्र सुईवर. टोक दाबलं की सोनं नुसतं दबतं, अभ्रकाचे पापुद्रे सुटतात. (सोन्यासारखं दिसणाऱ्या पायराइट या खनिजाचा तर भुगाच होतो.)

एक सांभाळा: सोन्याचा अगदी बारीक, कोरडा कणही पाण्यावर तरंगू शकतो. साबणाच्या पाण्याचा थेंब टाकला की तो बुडतो.