रॅलीच्या गाडीची फ्युएल लाइन: रबरी ब्रेडेड की टेफ्लॉन?

इंजिन आणि सस्पेन्शनवर महिनोन्महिने खल होतो आणि फ्युएल लाइन, म्हणजे टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल नेणारा पाइप, मात्र शेवटच्या दोन दिवसांत, उरलेल्या पैशांत उरकली जाते. म्हणून बऱ्याच गाड्यांत आत रबर आणि वर स्टीलची जाळी असलेला पाइपच दिसतो. तो वाईट आहे असं नाही. कापायला सोपा, फिटिंग पटकन चढतं, अडचणीच्या जागेतही सहज वळतो. टेफ्लॉन, म्हणजे जाळीच्या आत रबराऐवजी टेफ्लॉनचं अस्तर असलेला पाइप, या बाबतीत हट्टी. मोठं वळण मागतो आणि एकदा मुडपला की तो तुकडा बादच.

तरी माझा कौल ठरवला तो वासानं. टाकी मागे, लाइन केबिनमधून पुढे. आधी रबरी पाइप होता. गळती कुठेच नव्हती; सांध्यांवरून टिश्यू फिरवला तरी कोरडा निघायचा. पण उन्हात उभ्या गाडीचं दार उघडलं की पेट्रोलचा भपकारा यायचा. जाळी बाहेरून चकचकीत, त्यामुळे आतल्या रबराची काय अवस्था आहे ते कळायला मार्गच नाही. रस्त्याच्या वळणांच्या नोट्स वाचताना शेजारी बसलेल्या नॅव्हिगेटरचं डोकं दुखायला लागायचं आणि तो ते दर स्टेजनंतर, म्हणजे रॅलीच्या प्रत्येक टप्प्यानंतर, ऐकवायचा. रबरातून पेट्रोलची वाफ थोडी पाझरतेच, इथेनॉल मिसळलेलं असेल तर जास्त. आणि आता पंपावर बहुतेक ई20च, म्हणजे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. टेफ्लॉन टाकल्यावर वास गेला. तुमच्याकडे असंच होईल असं नाही, रबरातही चांगले-वाईट प्रकार आहेत. पण लाइन केबिनमधून जात असेल तर मी तरी दुसरा विचार करणार नाही.

घेताना अस्तर काळं, म्हणजे कार्बन मिसळलेलं आहे ना ते विचारून घ्या. पेट्रोल वाहताना स्थिर वीज साठते. साध्या पांढऱ्या टेफ्लॉनमध्ये ती ठिणगीनं आरपार जाऊन सुईएवढी भोकं पडू शकतात. फिटिंगही वेगळी लागतात, आत ऑलिव्ह, म्हणजे पाइप घट्ट पकडणारी छोटी धातूची रिंग, बसणारी. रबराची जुनी फिटिंग वापरून पैसे वाचवायचा मोह टाळा. कापताना टेप गुंडाळून पातळ कटिंग व्हील लावा, नाहीतर जाळीच्या तारा विस्कटतात आणि बोटांत घुसतात.

एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संस्थेच्या नियमांनुसार गाडी बांधत असाल तर लवचिक फ्युएल लाइन 135 अंश सेल्सिअसला 70 बार दाब सोसणारी हवी आणि केबिनच्या आत सांधा चालत नाही, फक्त पुढच्या-मागच्या भिंतीवर. त्यामुळे आतला तुकडा अखंडच घ्यावा लागतो.

ऑइल कूलरला मात्र मी रबरीच ठेवलाय. तिथं वाफेचा प्रश्न नाही आणि इंजिन हलतं तेव्हा लवचिकपणा कामाला येतो. ब्रेकचे ब्रेडेड पाइप आतून टेफ्लॉनचेच असतात, तिथं निवड करायची वेळच येत नाही. कुठलाही घ्या, स्टीलची जाळी शेजारच्या वायरिंगला करवतीसारखी कापते. त्यामुळे जिथं घासेल तिथं वर स्लीव्ह चढवा आणि पाइप जागेवर धरणाऱ्या पी-क्लिप थोड्या-थोड्या अंतरावर मारा.