सिग एमसीएक्स स्पिअर: रायफल झकास, पण पैसे कशाचे मोजताय ते बघा

टेक्सासला मित्राकडे ही आहे, मागच्या शनिवारी रेंजवर 3 मॅगझिन मारल्या म्हणजे मोजून 60 राउंड, तेव्हा हा काही एक्स्पर्ट रिव्ह्यू नाही, पण हातात न घेताच लोक जे तोंडाला येईल ते बोलतात त्यापेक्षा बरा असेल.

अमेरिकन आर्मीने 2022 च्या एप्रिलमध्ये जुन्या एम4 रायफलच्या जागी निवडली ती हीच, आता तिला एम7 म्हणतात. बाहेर सामान्य लोकांना मिळते ती सेमी ऑटो, म्हणजे एकदा ट्रिगर दाबला की एकच गोळी. पहिल्यांदा विकायला आली तेव्हा किंमत 8,000 डॉलरच्या घरात होती, आणि तेव्हापासून तिला शिव्या पडतायत. जड आहे, मॅगझिनमध्ये 20 च गोळ्या, किंमत डोक्यावरून जाते.

जड आहे हे खरंच. नुसती रायफल 3.8 किलो, सप्रेसर (आवाज दाबणारी नळी) लावला की साडेचारच्या जवळ, एम4 रिकामी तीनच्या आत. पहिली मॅगझिन मजेत गेली, तिसरीला डावा हात थरथरायला लागला आणि मी गुपचूप बेंचवर टेकवली. आता हेच घेऊन डोंगर चढायचा म्हटलं तर... 7 मॅगझिन घेतल्या तर एम4 वाल्याकडे 30-30 च्या हिशोबाने 210 गोळ्या, याच्याकडे 140. 2025 मध्ये अमेरिकन आर्मीच्याच एका कॅप्टनने नेमकं हेच मांडलं, कंपनीने ते खोडून काढलं, वाद चालूच आहे.

पण डिझाइनला नावं ठेवणाऱ्यांचं मला पटत नाही. कॉकिंगला दोन हँडल, एक एआर-15 सारखं (एम4 त्याच घराण्यातली) मागे आणि एक डाव्या बाजूला, त्यामुळे पालथं पडून मारताना स्कोपवरून डोळा काढावा लागत नाही, बट दुमडतो, सेफ्टी आणि मॅगझिनचं बटण दोन्ही बाजूंना. ट्रिगर तर इतका स्वच्छ की माझ्यासारख्याच्याही गोळ्या कागदावर बऱ्यापैकी जवळजवळ लागल्या (मित्र म्हणाला नशीब, म्हणू दे).

खरी गोम गोळीत आहे. 6.8 बाय 51 (गोळीची जाडी आणि पुंगळीची लांबी, मिलिमीटरमध्ये), दाब 80,000 पीएसआय (दाबाचं माप), आपली नेहमीची 7.62 साधारण 60,000 ची. नुसत्या पितळेला तो दाब झेपत नाही म्हणून पुंगळीचं बूड स्टीलचं. चिलखत घातलेला माणूस लांबून पाडायचा म्हणून हा सगळा खटाटोप, आणि नळी, बोल्ट सगळं त्या दाबाला पुरेल असं बनवायचं म्हणून वजन नि किंमत. आणि गंमत बघा, आम्ही मारल्या त्या साध्या पितळी पुंगळीच्या, कमी दाबाच्या. म्हणजे ज्या ताकदीचे पैसे मोजले ती मित्राने अजून वापरलेलीच नाही!! गोळ्यांचं बिल मी भरलं, त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे.

तर सैन्याला परवडते का ते त्यांचं त्यांनी बघावं, पण शनिवार-रविवार कागदाला भोकं पाडणाऱ्याने ही घ्यायची म्हणजे शेजारच्या गल्लीत भाजी आणायला ट्रक काढण्यासारखं आहे. 7.62 ची चांगली रायफल घ्या आणि उरलेल्या पैशात गोळ्या. याच कंपनीची 7.62 वाली सिग 716 आपल्या जवानांकडे आहेच, 2019 मध्ये 72,400 घेतल्या, 2024 मध्ये आणखी 73,000 ची ऑर्डर दिली, तीही 20 च गोळ्यांची आणि काही हलकी नाही.

रात्री साताऱ्याला काकांना फोन केला. मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर, आधी एसएलआर (सैन्याची जुनी 7.62 ची रायफल, तीही 20 गोळ्यांची आणि जड) मग तिच्या जागी आलेली इन्सास वापरलेले. मी कौतुकाने सगळं सांगितलं, 20 गोळ्या, चार किलोच्या वर, मोठी गोळी, लांब पल्ला. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग आमच्या एसएलआरने काय घोडं मारलं होतं रे?" मला काही सुचेना. मग म्हणाले, "ते जाऊ दे, दुसऱ्याची रायफल वापरलीस, नळी साफ करून दिलीस का?"

नव्हती दिली.