घरी सिस्मोग्राफ (जमिनीची हालचाल, भूकंप टिपणारं यंत्र) घ्यायचा असेल तर (५ पैकी ४ स्टार)

वस्तू मस्त आहे पण मुंबईत ठेवता कुठे त्यावर सगळं आहे. आत जिओफोन असतो, म्हणजे स्प्रिंगवर लटकलेली कॉइल आणि मॅग्नेट, जमीन हलली की बारीक करंट तयार होतो आणि तोच लॅपटॉपवर रेघ म्हणून दिसतो. आमचं घर दादरला ट्रॅकला लागून, त्यामुळे दिवसभर नुसत्या लोकलच दिसतात, रात्री शेवटची गाडी गेली की मग कुठे रेघ शांत होते. शक्यतो तळमजल्यावर, थेट लादीवर ठेवा, टेबलावर अजिबात नको.

खरी मजा पुढे आहे. धक्क्याची आधी पी वेव्ह (जोरात धावणारी लाट) येते, मग एस (तिच्यामागून येणारी हळू लाट), दोघींमधल्या सेकंदांना साधारण ८ ने गुणलं की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं, म्हणजे २५ सेकंदांचा फरक असेल तर २०० किमीच्या आसपास, कोयना वगैरे बघा! पोरांना दाखवायला भारी.

बॉक्सवर 'भूकंपाचं भाकीत' छापलंय ते मात्र सोडून द्या, तसलं काही कोणालाच जमत नाही. एक स्टार त्याचाच कापला, शिवाय अ‍ॅपमध्ये ५ चा भूकंप ४ पेक्षा 'थोडा मोठा' असं लिहिलंय, अहो एनर्जी जवळपास ३२ पट असते!